समुद्रापलीकडचे गिऱ्हाईक

आमच्या ज्येष्ठ बंधूंस घड्याळे दुरुस्त करण्याचा नाद होता. नोकरीने ते साखर कारखान्यातील हिशेबनीस. परंतु रात्रीची जेवणे आटोपली म्हणजे डोळ्याला भिंग लावून ते ओसरीवर बसत, आणि गावातील कोणाचेही बंद पडलेले घड्याळ त्यांच्या हाती गेले की बहुधा ते चालते होऊनच परत येई. ह्या नादापायी जुनी घड्याळे विकत घेऊन ती त्यांनी एका पत्र्याच्या ट्रंकेत जपून ठेविली होती. गेल्या वर्षी त्यांचे वर्षश्राद्ध झाल्यावर वहिनींनी ती ट्रंक उघडली. आत एकतीस मनगटी घड्याळे निघाली. जवळजवळ सर्व एच.एम.टी.ची, रोज किल्ली द्यावयाची. आणि त्यांच्याखाली लाल बांधणीची एक वही.

बंधूंच्या आजारपणात घराला देणे झाले होते. त्या कामी ह्या घड्याळांचा काही उपयोग होईल काय, एवढाच वहिनींचा सरळ प्रश्न होता. पेठेतील घड्याळजीने नगास दोनशे रुपये देऊ केले. तेव्हा अभियांत्रिकी शिकणारा आमचा नातू, म्हणजे पुतण्याचा मुलगा, म्हणाला, "आजोबा, हीच घड्याळे परदेशातले शौकीन संगणकावरच्या लिलावात तीन-तीन, चार-चार हजारांना घेतात. मी विकून दाखवतो."

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. परंतु ह्या उद्योगाच्या पहिल्या सहा महिन्यांत आम्ही एकदा फसलो. आणि एकदा, अजाणता का होईना, आम्हीच दुसऱ्यास फसविले. ह्या दोन्ही गोष्टी घरची लाज म्हणून झाकून ठेवाव्यात असे पुतण्याचे मत पडले. आम्हांस ते पटले नाही. अशा ट्रंका आणि असे माळे आपणांपैकी पुष्कळांच्या घरी आहेत, आणि असे उत्साही नातूही आहेत. तेव्हा आम्हांस जे ज्ञान थोडे पैसे व बराच मनस्ताप खर्चून मिळाले, ते वाचकांस फुकट मिळावे हे बरे.

हा लिलाव असतो तरी कसा?

लिलाव म्हटला की हातोडी, 'एक वार, दोन वार' अशी आरोळी आणि कोंडाळे करून उभी असलेली माणसे आपल्या डोळ्यांपुढे येतात. संगणकावरील लिलावात ह्यांपैकी काहीच नसते. ह्या धंद्यातील प्रमुख बाजारपेठ ईबे ही होय. अमेरिकेतील सॅन होजे येथे पिअर ओमिड्यार नामक गृहस्थांनी ती १९९५ साली सुरू केली. तीवर प्रथम विकली गेलेली वस्तू म्हणजे एक बिघडलेला लेसरचा दिवा. तो १४ डॉलर ८३ सेंटांना गेला, आणि घेणारा अशा बिघडलेल्या दिव्यांचाच संग्राहक होता! ह्या कंपनीने २००४ साली आपल्याकडील 'बाझी' ही बाजारपेठ विकत घेतली, व पुढे येथील अंतर्गत विक्री २०१८ साली बंद झाली. आता भारतातील माणूस तिच्या द्वारे परदेशी ग्राहकांस माल विकू शकतो.

बोलीची रीत थोडी चमत्कारिक आहे. प्रत्येक ग्राहक आपली कमाल रक्कम यंत्राच्या कानात सांगून ठेवितो, आणि यंत्र त्याच्या वतीने लागेल तेवढीच बोली चढवीत नेते. एकाने ६० डॉलर व दुसऱ्याने ४५ डॉलर सांगितले असतील, तर वस्तू पहिल्यास मिळते, पण ६० ला नव्हे. दुसऱ्याच्या रकमेहून एक पायरी वर, म्हणजे साधारण ४६ ला. ह्या प्रकारच्या लिलावाचे शास्त्र विल्यम विक्री ह्या अर्थशास्त्रज्ञांनी १९६१ साली मांडिले, आणि १९९६ साली त्यांस नोबेल पारितोषिकही मिळाले. दुसरी बोली किती हे येथे इतके महत्त्वाचे असल्यामुळे मोह कोठे शिरतो, हे चाणाक्ष वाचकांच्या लक्षात आलेच असेल. आमच्या घरात अकरा मोबाइल आहेत. "काकांनी आणि ताईने नुसती एकेक बोली टाकली तरी भाव चढेल," असे नातवाने सुचविले. आम्ही त्यास तेथल्या तेथे थांबविले. आपल्याच मालावर आपल्याच माणसांनी खोटी बोली लावणे ही ग्राहकाची उघड लूट आहे. बाजारपेठेच्या नियमांनीही ती निषिद्ध असून उघडकीस आल्यास विक्रेत्याचे खाते बंद होते.

आता परदेशी मनुष्य एच.एम.टी. का घेतो? हिंदुस्थान मशीन टूल्स ही सरकारी कंपनी १९५३ साली बंगळूर येथे निघाली. जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने तिने १९६१ पासून मनगटी घड्याळे काढिली. सतरा ज्युवेलचे 'जनता', काळ्या तबकडीचे 'पायलट' ही नावे आमच्या पिढीस विसरणे शक्य नाही; मॅट्रिक झाल्यावर बापाने मुलाच्या मनगटावर बांधावयाचे ते घड्याळ हेच. एच.एम.टी. वॉचेस ही कंपनी बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ साली घेतला. साधे, मजबूत, किल्लीचे आणि एका मोठ्या देशाच्या सबंध पिढीने वापरलेले घड्याळ म्हणून परदेशातील शौकिनांस त्याचे अप्रूप वाटते. देवनागरी अंकांची तबकडी असेल तर अधिकच.

आम्ही फसलो ते असे

पहिली तीन घड्याळे सुरळीत गेली. चौथे होते बंधूंचे आवडते 'पायलट'. त्यावर ६२ डॉलरांची बोली आली. लिलाव संपताच घेणाऱ्याने लिहिले की, बाजारपेठेच्या पत्रव्यवहारात फार वेळ जातो, तरी आपला ई-मेलचा पत्ता कळवावा. नातवाने कळविला. दुसऱ्या दिवशी पैसे पोचविणाऱ्या एका नामांकित संस्थेच्या बोधचिन्हाचे पत्र आले. त्यात मजकूर असा: आपल्या नावे ३६२ डॉलर जमा झाले आहेत. त्यांतील ३०० डॉलर ग्राहकाच्या वाहतूक एजंटाचे असून ते आपण त्यास परस्पर द्यावे. माल रवाना केल्याचा ट्रॅकिंग नंबर कळविताच सर्व रक्कम खुली होईल. माल पाठविण्याचा पत्ताही बदलला होता. बोली लावणारा एका देशातला, आणि पुडके जावयाचे तिसऱ्याच देशात.

नातवाने घड्याळ टपालात टाकिले व नंबर कळविला. लगेच त्या 'एजंटा'चा निरोप आला. हा एजंट मात्र भारतातलाच निघाला! त्याने सुमारे पंचवीस हजार रुपये यूपीआयने पाठवावयास सांगितले. पुतण्या दिवाणखान्यात बसून मोबाइलवर रक्कम भरीत होता. वहिनी शेंगा निवडीत होत्या. त्यांनी विचारिले, "पैसे आले म्हणता, मग ते पासबुकात दिसतात का?"

सर्वजण एकमेकांकडे पाहू लागले. पासबुक कोणीच पाहिले नव्हते. सर्वांनी पाहिले होते ते पत्र. सकाळी बँक उघडताच पुस्तक भरून आणिले. त्यात छदामही जमा नव्हता. ज्या संस्थेच्या नावाने पत्र आले होते तिच्या खात्यात आमच्या नावे काहीच नव्हते. पत्र बनावट होते. पुडके परत मागविण्याचा अर्ज आम्ही टपालकचेरीत केला. पण ते देशाबाहेर गेले होते. 'पायलट' गेले. पंचवीस हजार वाचले ते शिक्षक, अभियंता व हिशेबनीसाचा मुलगा अशा तिघा शहाण्यांमुळे नव्हे. शेंगा निवडणाऱ्या बाईमुळे.

नंतर आम्ही शांतपणे विचार केला तेव्हा ध्यानात आले की, ह्या फसवणुकीत संगणकाचे असे विशेष काही नव्हते. दूरदेशी अनोळखी माणसाशी व्यवहार आपल्याकडे शतकानुशतके चालत आला आहे. शहाजोग हुंडीचे पैसे बाजारात पत असलेल्या शहासच चुकते होत. जोखमी हुंडीचे पैसे माल सुखरूप पोचला तरच देणे लागत. मूळ हुंडी गहाळ झाल्यास पेठ, आणि तीही गहाळ झाल्यास परपेठ लिहून देण्याचा प्रघात होता. म्हणजे विश्वास होता. परंतु तो चेहऱ्यावर किंवा गोड बोलण्यावर नव्हता. तो लेखावर आणि मध्यस्थाच्या पतीवर होता. आजच्या लिलावात त्या शहाची जागा बाजारपेठेने घेतली आहे. ग्राहकाचे पैसे प्रथम तिच्याकडे जातात. ती आपली दलाली कापून घेते, आणि बाकीचे पेओनीर वा तत्सम संस्थेच्या द्वारे रुपयांत आपल्या बँकेत येतात. माल पोचला नाही, वा सांगितल्याप्रमाणे निघाला नाही, तर निवाडाही तीच करिते. जो लबाड असतो त्याची पहिली खटपट ह्या मध्यस्थास बाजूस सारण्याची असते. आमच्या ग्राहकाने पहिल्याच पत्रात तेच केले, आणि आम्ही ते सोय म्हणून मानिले!

घरचा दंडक

त्यानंतर आम्ही शाळेतील नियमांप्रमाणे काही नियम एका पुठ्ठ्यावर लिहून संगणकाच्या वर टांगिले. ते येथे कारणांसह देतो.

पहिला नियम: बोलणे आणि पैसे बाजारपेठेच्या आतच. ग्राहक कितीही सभ्य असो, ई-मेल वा व्हॉट्सअ‍ॅपवर बोलावू लागला की उत्तर द्यावयाचे नाही. बाहेर ठरलेल्या गोष्टीस मध्यस्थ साक्षी राहत नाही.

दुसरा: पैसे आले की नाही हे पत्रावरून ठरवावयाचे नाही. आपले खाते आपण स्वतः उघडून पाहावे. पत्रातील दुव्यावर बोट ठेवून मुळीच नव्हे, कारण तो दुवा हुबेहूब दिसणाऱ्या बनावट पानावर नेऊन आपला परवलीचा शब्द काढून घेऊ शकतो. ह्या नियमास घरात 'वहिनींचा नियम' म्हणतात.

तिसरा: किमतीहून अधिक पैसे देणारा ग्राहक प्रामाणिक नसतो. जास्त आलेले परत करा, एजंटास द्या, आमच्या भाच्यास पाठवा, ही सारी एकाच जातीची मागणी आहे. चेकच्या रूपाने असे पैसे आले तर खात्यावर काही दिवस जमाही दिसतात. चेक खोटा ठरला की बँक ते काढून घेते, आणि आपण 'परत केलेले' मात्र खरेच गेलेले असतात.

चौथा: माल ऑर्डरीवरील पत्त्यावरच जाईल. पैसे भरून झाल्यावर पत्ता बदलून मागितल्यास सौदा रद्द करून नव्याने करावयास सांगावे. दुसऱ्या पत्त्यावर माल पोचविल्याचा पुरावा असला तरी 'मला मिळाला नाही' ह्या तक्रारीपुढे तो सहसा टिकत नाही.

पाचवा: ट्रॅकिंग नंबर मिळत नाही अशा स्वस्त टपालाने काही पाठवावयाचे नाही. दोनशे रुपये वाचविण्याच्या लोभाने चार हजारांचा पुरावा जातो. पावती, नंबर व पोचल्याची नोंद निदान वर्षभर जपावी. कारण पेपालसारख्या संस्थेत ग्राहकास १८० दिवसांपर्यंत तक्रार करिता येते, आणि कार्डाने पैसे भरलेला ग्राहक आपल्या बँकेकडे दाद मागून कित्येक महिन्यांनीही रक्कम उलट फिरवू शकतो.

सहावा: वस्तू बांधण्यापूर्वी तिची सर्व अंगांनी छायाचित्रे घ्यावी; घड्याळाच्या पाठीवरील व यंत्रावरील आकडे टिपून ठेवावे; आणि बांधण्याचे अखंड चलच्चित्र घ्यावे. काही महाभाग चांगली वस्तू ठेवून घेतात आणि तसलीच मोडकी परत पाठवितात. त्या वेळी ओळख पटविण्यास हे आकडेच उपयोगी पडतात.

सातवा: पैसे *घेण्यासाठी* यूपीआयचा पिन कधीही लागत नाही, कोणताही चौकोनी संकेत स्कॅन करावा लागत नाही आणि ओटीपी सांगावा लागत नाही. जो मागेल तो चोर समजावा. मदतीच्या मिषाने आपल्या मोबाइलचा ताबा देणारे अ‍ॅप घ्यावयास सांगणाराही त्याच पंक्तीतला. इतके करूनही फसगत झालीच तर लाजून बसू नये. १९३० ह्या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी व बँकेस कळवावे. पैसे पुढच्या खात्यात सरकण्यापूर्वी गोठविता येतील की नाही, हे बहुतांशी त्या पहिल्या काही तासांवर अवलंबून असते.

आठवा नियम घरातील तरुणांस थोडा जाचक वाटला: कोणतेही घड्याळ एकट्याने पाठवावयाचे नाही. एकाने बांधावे, दुसऱ्याने पासबुक व पत्ता ताडून पाहावा. एकत्र कुटुंबात माणसांची वाण नसते; मग ह्या कामीच एकट्याने का राहावे?

आम्ही फसविले ते असे

आता दुसरी गोष्ट. ही सांगावयास आम्हांस अधिक जड जाते.

देवनागरी अंकांचे एक 'जनता' जर्मनीतील एका ग्राहकास ७१ डॉलरांना गेले. वर्णनात नातवाने 'तबकडी मूळची' असे लिहिले होते. तीन आठवड्यांनी त्या गृहस्थांचे पत्र आले, बाजारपेठेच्या आतूनच. भिंगातून घेतलेली चार छायाचित्रे सोबत होती. तबकडीवरील अक्षरांच्या कडा फाटल्यासारख्या होत्या, आणि जुन्या रंगाचा कण नव्याखालून डोकावत होता. तबकडी मागाहून रंगविलेली आहे, सबब पैसे परत करावे, असे त्यांनी सभ्यपणे लिहिले होते. पत्रात एक वाक्य असे होते की, अशा घड्याळांस आमच्याकडे 'मुंबई स्पेशल' म्हणतात.

हे नाव आम्ही प्रथमच ऐकिले. चौकशी करिता ते खरे ठरले. कित्येक वर्षे आपल्या देशातून जुन्या घड्याळांच्या तबकड्या भडक रंगांनी नव्याने रंगवून, चार घड्याळांचे भाग एकात बसवून, 'अस्सल जुने' म्हणून लिलावात विकण्यात येत आहेत. आणि जगभरच्या संग्राहकांनी त्या मालास आमच्या मुंबईचे नाव देऊन ठेविले आहे. म्हणजे समुद्रापलीकडचे गिऱ्हाईक लबाड तर नसेल ना, ह्या चिंतेत आपण असतो, त्याच वेळी तेही आपणांविषयी तीच चिंता करीत असते. आणि दुर्दैवाने ती निराधार नाही.

नातू म्हणाला, "हा पुन्हा एक ठग. माल ठेवून पैसे परत मागतोय. लढू या." पुतण्याही त्यास अनुकूल झाला, एकदा पोळलेला मनुष्य ताक फुंकून पितो. आम्हांसही क्षणभर तसेच वाटले. पण ती लाल वही आठवली. तीत बंधूंनी प्रत्येक घड्याळास क्रमांक देऊन हिशेबनिसाच्या अक्षरात नोंदी केल्या होत्या: केव्हा घेतले, कितीला घेतले, काय बदलले. चौदाव्या क्रमांकापुढे लिहिले होते: 'तबकडी खराब. पुण्याहून रंगवून आणिली. रु. १२.'

ती वही पहिल्या दिवसापासून ट्रंकेत होती. ती उघडून पाहण्याची तसदी कोणीही घेतली नव्हती. ज्या मनुष्याने बारा रुपयांची नोंद लपविली नाही, त्याच्या मृत्यूनंतर त्याच्याच घड्याळाविषयी आम्ही खोटे लिहिले होते.

आमच्या शास्त्रकारांनी ह्या प्रकारांचा बारकाईने विचार केलेला आहे. निर्दोष वस्तू दाखवून सदोष देणाऱ्याने ग्राहकास दुप्पट मूल्य द्यावे आणि तितकाच दंड भरावा, अशी नारदस्मृतीची आज्ञा आहे. खरेदीविक्रीचा पश्चात्ताप झाल्यास दहा दिवसांच्या आत वस्तू परत देण्याघेण्याची मुभा मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात आहे. कौटिल्य मात्र कडक. व्यापाऱ्यांस तो ह्यासाठी एकच रात्र देतो, शेतकऱ्यांस तीन व गुराख्यांस पाच. आजच्या बाजारपेठांत 'वर्णनाप्रमाणे नाही' म्हणून माल परत घेण्याचा जो नियम आहे, तो परकीयांनी आपणांवर लादलेला जुलूम आहे असे समजणाऱ्यांनी हे ग्रंथ उघडून पाहावे. नारदाने सांगितलेले दुप्पट मूल्य आम्ही दिले नाही, हे कबूल केले पाहिजे. पूर्ण किंमत व परतीचे टपालहशील दिले, आणि वहीतील त्या पानाचे छायाचित्र पाठवून क्षमा मागितली.

त्या दिवसापासून प्रत्येक घड्याळाच्या वर्णनाबरोबर वहीतील त्याच्या नोंदीचे छायाचित्र व तिचे इंग्रजी भाषांतर जाऊ लागले. काच बदलली असेल तर बदलली, काटे दुसऱ्या घड्याळाचे असतील तर दुसऱ्याचे, दिवसास दोन मिनिटे मागे पडत असेल तर तेही. नातवास भीती होती की भाव कोसळतील. काही घड्याळांचे भाव खरोखरच उतरले. परंतु तक्रार त्यानंतर एकही आली नाही. आणि लबाडांचीही थोडी अडचण झाली. दोष आधीच लिहून ठेविला म्हणजे तोच दोष पुढे करून पैसे परत मागण्याची सोय उरत नाही. अचूक वर्णन हे सज्जनाशी सौजन्य आणि दुर्जनापासून कवच, दोन्ही आहे.

सरकारचे नियम, आणि माळ्यावरील इतर वस्तू

घड्याळांस परदेशी भाव येतो हे कळताच घरातील इतर मंडळींचे लक्ष माळ्याकडे गेले. पणजोबांच्या वेळची समई, अडकित्ते, देवनागरी पोथ्यांची दोन बासने, हस्तिदंती दांड्याची एक काठी. येथे मात्र आम्ही हात आडवा केला.

पुरावशेष व कलानिधी अधिनियम १९७२ सालचा असून तो ५ एप्रिल १९७६ पासून अमलात आहे. शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू, मूर्ती, चित्र वा नाणे, आणि शास्त्रीय, ऐतिहासिक वा वाङ्मयीन मोलाचे पंचाहत्तर वर्षांहून जुने हस्तलिखित, ही सामान्य माणसास परदेशी पाठविता येत नाहीत. निर्यातीचा अधिकार केंद्र सरकारचा वा त्याने नेमलेल्या संस्थेचा. अपराध्यास सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कारावास व दंड आहे. वस्तू तितकी जुनी नसून जुनी दिसते, असे असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावशेष नसल्याचा दाखला घ्यावा. हस्तिदंताचा व्यापार तर वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली निषिद्धच आहे. तेव्हा पोथ्या बासनात राहिल्या, समई देवघरात, आणि काठी कोपऱ्यात. अडकित्त्यांचे म्हणाल तर पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात त्यांचा केवढा मान आहे हे मुलांस दाखवून आणिले. भावाची भाषा आपोआप थांबली.

अजून एक प्रश्न संयुक्त कुटुंबाचा. जी वस्तू आपली नाही ती विकणे ह्यास स्मृतिकारांनी 'अस्वामिविक्रय' म्हणून व्यवहाराच्या अठरा पदांत स्वतंत्र स्थान दिले आहे. माळ्यावरील वस्तू सर्वांची म्हणजे विकू पाहणाऱ्या एकाची नव्हे. आम्ही घड्याळांची यादी करून वहिनी व दोन्ही पुतणे ह्यांची संमती तीवर घेतली. वहिनींनी त्यातून एक लहान बायकी घड्याळ बाजूस काढिले. कारण कोणी विचारिले नाही.

माल नियमितपणे परदेशी पाठवावयाचा तर परकीय व्यापार महासंचालनालयाकडून आयात-निर्यात संकेतांक घ्यावा लागतो. तो घरबसल्या मिळतो व त्यास पाचशे रुपये शुल्क आहे. दरवर्षी एप्रिल ते जून ह्या काळात तो अद्ययावत करून घ्यावा लागतो. आलेले परकीय चलन बँकेत निर्यातीचे म्हणूनच नोंदले जावे, आणि वस्तू-सेवाकर व प्राप्तिकर ह्यांविषयी जाणत्या चार्टर्ड अकौंटंटास एकदा विचारून घ्यावे. २०२२ पासून टपालखात्याने डाकघर निर्यात केंद्रे उघडली असून निर्यातीचे टपालबिल तेथे भरता येते. आमच्यासारख्या मोफसिलातील माणसास मुंबईच्या फेऱ्या घालाव्या लागत नाहीत. किल्लीच्या घड्याळात बॅटरी नसल्याने विमानटपालाची एक अडचणही वाचते.

पलीकडचा जकातीचा भार कोणावर, हे वर्णनात स्पष्ट लिहावे. युरोपीय संघाने लहान पुडक्यांवरील करमाफी १ जुलै २०२१ पासून काढून टाकिली. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या मालास असलेली जकातमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद केली. त्या घोटाळ्यात आपल्या टपालखात्यास तिकडील पार्सले काही आठवडे घेता आली नाहीत, व १५ ऑक्टोबर २०२५ पासून ती पुन्हा सुरू झाली. त्या काळात विकलेले आमचे एक घड्याळ महिनाभर घरीच पडून होते. ग्राहकास आधीच कळविले, म्हणून तो थांबला. जकातीचे दर वरचेवर बदलतात. प्रत्येक खेपेस टपालकचेरीत विचारूनच पुढे जावे. आणि "भेटवस्तू लिहा, किंमत दहा डॉलर दाखवा," अशी कोणी विनंती केली तर ती नाकारावी. ते सरकारास खोटे सांगणे तर आहेच; शिवाय पुडके हरवल्यास भरपाईही दहा डॉलरांच्याच हिशेबाने मागता येईल.

असो. एकतीस घड्याळांपैकी आजवर एकोणीस विकली गेली. एक गेले ते गेलेच. एक वहिनींजवळ आहे. नऊ अद्याप ट्रंकेत आहेत. बंधूंच्या आजारपणाचे देणे निम्म्याहून अधिक फिटले आहे. राहिलेले एक म्हणजे जर्मनीहून परत आलेले रंगविलेल्या तबकडीचे 'जनता'. ते हल्ली आमच्या मनगटावर असते, आणि दिवसास दोन मिनिटे मागे पडते. त्या गृहस्थांनी पुढे आमच्याकडून दुसरे एक घड्याळ घेतले, आणि लिहिले की वहीचे पानही मिळेल काय? आम्ही छायाचित्र पाठविले. पान फाडून देणे वहिनींस मान्य झाले नाही.

वही आता त्यांच्याकडे आहे. बंधूंच्या प्रत्येक नोंदीखाली त्या आपल्या अक्षरात तारीख, देश, आलेले रुपये आणि पासबुकाचे पान लिहितात. 'पायलट'च्या नोंदीखाली त्यांनी रकमेच्या जागी शून्य घातले आहे, आणि देशाचे रकाने कोरे ठेविले आहे.